राग ओळखता आला नाही तरी सतार कळते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

आमच्या रविवारच्या बैठकींवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही नावाऐवजी 'साताऱ्याचा जुना श्रोता' असं लिहिलंय आणि वयाने मोठा असल्याचंही सांगितलंय, म्हणून काका म्हणते. उत्तर लांबलंय, म्हणून प्रतिक्रियेच्या खाली न लिहिता वेगळं टाकतेय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सांगलीत आम्ही काही जण एकाच्या घरी जमून सतारीची ध्वनिमुद्रणं ऐकतो, त्याबद्दल मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं, की ज्यांना राग ओळखता येत नाहीत त्यांनी शास्त्रीय संगीतावरच्या प्रेमाच्या गोष्टी करू नयेत. त्यांना भावतो तो फक्त नाद आणि टाळी पडते ती फक्त झाल्याला, म्हणजे वादनाच्या शेवटच्या जलद भागाला. सतार ही शेवटी गाण्याची नक्कल, आणि मिरज हे सतारी बनवणारं गाव आहे, ऐकणारं नव्हे. शेवटी त्यांनी विचारलंय, 'तुमच्या त्या तासगावच्या द्राक्षबागायतदाराला मारवा आणि पुरिया यातला फरक सांगता येईल का?' आणि असे लेख लोकांची दिशाभूल करतात, तेव्हा हा काढून टाका, असंही सुचवलंय.

बागायतदारापासूनच सुरू करते, कारण तो प्रश्न मला लागला. तुमची प्रतिक्रिया आली त्याच्या पुढच्या बैठकीत मी मुद्दाम दोन आलाप लावले, आधी मारवा, मग पुरिया. नावं सांगितली नाहीत. तुम्हाला माहीतच आहे, दोन्ही रागांचे स्वर तेच : कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात वजन रिषभ-धैवतावर असतं, पुरियात गंधार-निषादावर. आमचे दादा, म्हणजे तेच बागायतदार, भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. दुसरा आलाप संपल्यावर म्हणाले, "पहिल्यात टेकायला जागाच दिली नाही की हो त्यानं. सारखं आता टेकंल, आता टेकंल असं वाटायचं आणि तो बाजूनं निघून जायचा. दुसऱ्यात जीव जरा खाली बसला."

काका, मारव्यात षड्ज, म्हणजे 'सा', किती जपून लावतात, किती वेळ लांबवतात, हे तुम्ही मला शिकवू शकाल. दादांना 'षड्ज' हा शब्दही नीट माहीत नाही. पण तो टाळला जातोय हे त्यांच्या कानांनी बरोबर टिपलं. याला तुम्ही नुसता नाद भावणं म्हणाल का? मी म्हणणार नाही. रागाचं नाव त्यांना उद्या कळेल, नाहीतर कधीच कळणार नाही. रागाची चाल त्यांना कळलेली आहे, आणि ती अनेक वर्षं रात्री बागेला पाणी देताना कानाला मोबाईल लावून ऐकल्यामुळे कळली आहे.

तालाचंही तेच. मसीतखानी गत, म्हणजे सतारीवरची संथ लयीतली बंदिश, बाराव्या मात्रेवरून उठते. 'दिर दा दिर दा रा' या पाच मात्रा गेल्या की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. आमच्या बैठकीत त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजणारे दोघे-तिघेच. पण कलाकार मधे कितीही लांब फिरून आला आणि त्याने तो पाच मात्रांचा मुखडा धरला, की सगळी खोली सरसावून बसते आणि समेवर सगळ्यांच्या माना एकदम खाली येतात. न मोजणाऱ्यांच्याही. या माणसांना ताल कळत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मिरजेला सतारमेकर गल्लीत मी एका कारागिराला जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून आवाज जमवताना पाहिलंय. घोडीचा वरचा पृष्ठभाग दिसायला सपाट, पण त्याला अगदी किंचित उतार असतो, आणि तार त्या उताराला जेमतेम चाटून जाते. त्या चाटण्यातून सतारीचा तो झणत्कार येतो. त्यांनी तार बाजूला सरकवली, कानस दोनदाच फिरवली, भुकटी फुंकली, तार परत जागेवर आणून छेडली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. मला तर आवाज सुरेख वाटला. ते म्हणाले, "अजून बंद आहे," आणि पुन्हा कानस हातात घेतली. असं कितीतरी वेळ चाललं. कुठलं मापक यंत्र नाही, कागदावर काही आकडा नाही. जवारी किती खुली ठेवायची, किती बंद, हे वाजवणाऱ्याच्या पसंतीवर आणि या माणसाच्या कानावर ठरतं. घराण्यांची वंशावळ त्यांना विचारली तर ते कदाचित अडखळतील. तरी त्यांच्या कानाशिवाय कुठल्याही घराण्याची सतार बोलणार नाही.

आता नकलेविषयी. सतारवादक विलायत खाँसाहेब (1928–2004) सतारीवर गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं, वाजवत, हे तर सर्वश्रुत आहे. वडील इनायत खाँ लवकर गेल्यावर आईकडचे आजोबा बंदे हसन खाँ आणि मामा झिंदा हसन खाँ या गवयांकडून त्यांना तालीम मिळाली. म्हणजे गळा घरातच होता. पण सतारीची अडचण बघा : तार छेडली की त्या क्षणापासून आवाज विरायला लागतो. गवयाला दम आहे, सारंगीला गज आहे, सतारीला फक्त नखीचा एक आघात. त्या एका आघातात, एकाच पडद्यावर तार खेचून मींडेने चार-पाच स्वरांचा प्रवास करायचा आणि तोही आवाज मरायच्या आत. म्हणून मींड वर चढत असताना आपण श्वास धरतो. शेवटचा स्वर अर्धा तारेत असतो आणि अर्धा ऐकणाऱ्याने मनात पुरा केलेला असतो. गाण्यात हे असं होत नाही. खाँसाहेबांनी त्यासाठी वाद्याच्या तारा आणि त्यांची जुळणीसुद्धा बदलली. नक्कल करणारा एवढ्या खोलात कशाला शिरेल? आणि रविशंकर (1920–2012) किंवा निखिल बॅनर्जी (1931–1986) यांचा खर्जातला आलाप ऐकलात तर गळ्यापेक्षा बीन, म्हणजे रुद्रवीणा, जास्त आठवते. सतारीला एकाच चौकटीत बसवणं मला तरी मान्य नाही.

तुम्ही 1971 च्या न्यूयॉर्कच्या बांगलादेश मदत मैफलीचा किस्साही दिलाय. रविशंकर आणि सरोदवादक अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते, लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या, आणि जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर म्हणाले. तुम्ही तो अडाणीपणाचा पुरावा म्हणून मांडलाय. मला त्यात वेगळं दिसतं. मुख्य तारांखालच्या अकरा-तेरा तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या तारा, एकेक करून सुरात येतात, तेव्हा सगळं वाद्य आतून उजळत जातं. ज्यांनी ते आधी कधी फारसं ऐकलं नव्हतं, त्यांना ते सुंदर वाटलं यात हसण्यासारखं काय आहे? सुरुवात अशीच होते. टाळ्या देणाऱ्यांतले थोडे जरी पुढे आलापापर्यंत पोचले असतील, तर ती टाळी वाया गेली नाही.

झाल्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. आलापाच्या वेळी मोबाईलमध्ये डोकं आणि झाला सुरू झाल्यावर कॅमेरा वर, हे मलाही खुपतं. पण त्यावर उपाय म्हणजे त्यांना आलाप ऐकायला बसवणं. दारातून परत पाठवल्यावर ते कुठे ऐकणार?

मिरजेबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटत नाही. शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगारांच्या घरातून एकोणिसाव्या शतकात इथे तंबोरे-सतारी बनू लागल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे इथे येऊन वाद्यं होतात, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे गाव बनवून थांबलेलं नाही. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, गायले, स्वतःच्या हातांनी वाद्यं दुरुस्त करत, आणि 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात वारले तेव्हा त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. गायिका हिराबाई बडोदेकर इथल्याच जन्माच्या. दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीत सभेला मोठमोठे कलाकार हजेरी म्हणून येतात, आणि समोर बसलेले असतात ते हमाल, शिक्षक, भाजीवाल्या, डॉक्टर, सतारमेकर. त्यांना कुणीही रागाचं नाव विचारून आत घेत नाही.

यंदाच्या सभेला साताऱ्याहून या, काका. आमचे दादा येणार आहेत, तुमची जागा त्यांच्या शेजारी धरते. मारवा-पुरिया तुम्ही त्यांना समजावून सांगा. त्यांना मनापासून ऐकायचंय, मी विचारलंय. लेख मात्र काढणार नाही, आणि तुमची प्रतिक्रियाही त्याखाली तशीच राहील.