पौलाची साक्ष आणि रिकामी कबर

वाद सुरू झाला तो आमच्या वकील मित्राच्या विधानावरून. येशू वधस्तंभावर गेल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारा ग्रंथ, लिहिले गेले, तेव्हा पुनरुत्थान, म्हणजे येशूचे मरणानंतर पुन्हा जिवंत होणे, ही मधल्या काळात रचली गेलेली दंतकथा असणार, असे त्याचे म्हणणे होते. मार्कचा काळ इ. स. 70 च्या आसपासचा, हे सर्वांनाच मान्य होते. पण इतिहास शिकवणाऱ्या मित्राने हरकत घेतली की सर्वांत जुना पुरावा शुभवर्तमानांत नसून ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याच्या पत्रांत आहे.

करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण इ. स. 54 चे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल बजावतो की, आपल्याला जे मिळाले तेच आपण पुढे दिले: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला) आणि मग बारा शिष्यांना दिसला. हा ठरीव मजकूर पौलाच्याही आधीचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो यरुशलेमेत केफाजवळ 15 दिवस राहिल्याचे आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे सांगतो. ही भेट वधस्तंभानंतर दहा वर्षांच्या आतली ठरते. एवढ्या थोड्या काळात जी श्रद्धा ठाम उभी होती, ती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली दंतकथा म्हणता येत नाही, असे माझेही ठाम मत आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसचे नावही निघाले. परंतु तो इ. स. 116 च्या सुमारास लिहितो, त्यामुळे रोमन सुभेदार पिलाताने येशूला दिलेल्या देहदंडापलीकडे त्याचा उपयोग थोडाच.

वकिलाने तेवढे मान्य केले, पण त्याची पुढची हरकत अधिक वजनदार होती. साक्ष जुनी असली म्हणून ती खरी ठरत नाही, आणि उठलेला येशू ज्यांना दिसला म्हणून पौल ज्या पाचशेहून अधिक बांधवांचा उल्लेख करतो त्यांतल्या एकाचाही स्वतःचा जबाब आपल्यापुढे नाही. वसईच्या ख्रिस्ती मित्राने त्यावर विचारले की, चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम स्त्रिया पाहतात. स्त्रियांच्या साक्षीला कमी लेखणाऱ्या समाजात कोणी अशी गोष्ट मुद्दाम कशाला रचेल? प्रश्न बिनतोड वाटत होता, तोच वकिलाने उलट विचारले की, मग पौलाच्या यादीत त्या स्त्रिया का नाहीत? पौलाला जाहीर प्रचारासाठी मान्यवर साक्षीदारांचीच नावे हवी होती, असे इतिहासवाला म्हणाला. मला ते पटले. वकिलाला मात्र नाही.