तो आवाज वाया घालवू नका

२० जुलै २०२३, गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजत आले होते. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी आई भाकऱ्या थापत होती आणि पिठाच्या डब्यावर ठेवलेला तिचा फोन एकदम किंचाळायला लागला. तिने आधी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानेच फोन माझ्यापुढे धरला. "नदी वाढली का रे?"

सांगलीत जुलैमध्ये काहीही वाजलं की आधी नदीच आठवते. स्क्रीनवर मात्र लिहिलं होतं, ही दूरसंचार विभागाची चाचणी आहे, तुम्ही काही करायची गरज नाही.

त्याच वेळी टीव्हीवर रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दाखवत होते. आदल्या रात्री गाढ झोपेतल्या वाडीवर दरड आली होती. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसं सापडलीच नाहीत. फोन वाजला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती, आणि जिथला धोका कुणी मोजलेलाच नाही तिथे यंत्रणा तरी काय वाजवणार? पण ते दृश्य आणि तो आवाज माझ्या डोक्यात कायमचे एकत्र बसलेत.

संध्याकाळी गल्लीतल्या एका पोराने पाच-सहा घरच्या बायकांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन हे अलर्ट बंद करून दिले. "मावशी, आता नाही वाजणार." मावशी खूश. मला मात्र खरी काळजी याचीच वाटते.

कारण यंत्रणा खरोखर चांगली आहे. याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. यात एकेक नंबर शोधून मेसेज पाठवत नाहीत. ठरावीक टॉवरच्या टप्प्यात असलेल्या, ही सोय असलेल्या सगळ्या चालू फोनवर तो एकाच वेळी पोचतो. नेट लागत नाही, लाइन जाम असली तरी अडत नाही, फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. रात्री दोन वाजता एखाद्या म्हातारीला उठवू शकेल असं आपल्याकडे दुसरं काहीच नाही. म्हणून तो आवाज जपून वापरायला हवा. पुढच्या काही तासांत जीव वाचवायला जागेवरून हलायचं असेल तेव्हाच तो वाजावा. योजना, शुभेच्छा, "काळजी घ्या" असल्या गोष्टींसाठी साधे मेसेज आहेत की.

दुसरी गोष्ट, वाजवाल तेव्हा आमच्या भाषेत बोला. मराठीत म्हणाल तर ते झालंच, शिवाय जतच्या पूर्व भागात कन्नडमध्येही. पण मला म्हणायचंय ती पुराची भाषा. सांगलीकर पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाही, तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे फूट मोजतो. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉट या नदीकाठच्या वस्त्यांत आधी पाणी शिरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि आमच्याकडे पूर बहुतेक वेळा नुसत्या डोक्यावरच्या पावसाने येत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवला की ते पाणी कराडला कृष्णेत मिसळतं, चांदोली धरणाचं पाणी वारणेतून हरिपूरला येतं. इथे ऊन पडलेलं असतं आणि पायऱ्यांवर पाणी चढत असतं. अशा वेळी "सांगली जिल्ह्यात मुसळधार पावसाचा इशारा" यातून नदीकाठच्या माणसाने काय समजायचं? तोच इशारा जतला जातो, जिथे अनेकदा पावसाळ्यातही टँकरची वाट बघत असतात, आणि शिराळ्यालाही जातो, जिथे धो धो कोसळत असतं. दोघांचाही त्याच्यावरचा विश्वास उडतो.

२०१९ मध्ये हेच नडलं. आमच्या भिंतीवर बाबांनी २००५ च्या पुराची खूण केली होती, दाराच्या कडीपासून दोन वीत वर. गाडीवरून पुकारा झाला, "नागरिकांनी सतर्क राहावे." सतर्क राहावे म्हणजे काय करावे? आम्ही खुणेच्या वर सामान रचलं आणि माळ्यावर जाऊन बसलो. गल्लीतल्या निम्म्या घरांनी तेच केलं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं आणि ती खूण पाण्याखाली दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी बाबांना आणि आईला खिडकीतून बोटीत उतरवताना माझे हात कापत होते. "२००५ पेक्षा जास्त येणार, आज रात्रीच्या आत बाहेर पडा" एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर आम्ही पायी बाहेर पडलो असतो.

लोक घाबरतील, असं काही जण म्हणतात. घाबरू दे. पण चूक झाली तर त्याच भोंग्यावरून, तितक्याच मोठ्याने, लगेच सांगा. २०१८ च्या जानेवारीत हवाईमध्ये क्षेपणास्त्र येतंय असा खोटा अलर्ट गेला आणि तो चुकीचा होता हे फोनवर सांगायला ३८ मिनिटं लागली. तेवढा वेळ आईबापांनी पोरांना कुशीत घेऊन काय विचार केले असतील!

चाचण्याही घ्या, पण त्या आदल्या दिवशी पेपरात सांगून, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आधी.

आईच्या फोनमधलं सेटिंग मी परत चालू करून ठेवलंय. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांचे फोनही आज एकदा बघा. आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनात काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर आम्हाला असा मेसेज हवाय: "आयर्विन पूल आता इतके फूट. पहाटे ४ पर्यंत इतके होईल. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट रात्री १० च्या आत रिकामे करा. जनावरं सोडून ठेवा. राहायची सोय या शाळेत आहे." आणि पुढे शाळेचं नाव.