काटक माणसाला कसा काय अटॅक आला?

माझ्या मामाला अटॅक आला तेव्हा हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलं. कष्टाचं शरीर, अंगावर चरबी नाही, त्याला कसा काय? जणू हार्टचा आजार गाडी-बंगलेवाल्यांनाच होतो.

मामा मार्केट यार्डात हमाली करायचा. पहाटे चारला छातीत जळजळायला लागलं, पित्त असेल म्हणून सोडा पिला आणि कामावर गेला, कारण नाही गेला तर हजेरी बुडते. दुपारी घामाघूम होऊन खाली बसला तेव्हा जोडीदारांनी टेम्पोत घालून नेला. नस बंद झाली की मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो आणि हा माणूस आठ तास पोती उचलत होता!

काटकपणाचं म्हणाल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केलाय. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, हातपाय काड्या, पण चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. अशा बाळांना पुढे डायबेटीस आणि हार्टचा धोका जास्त. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार पन्नाशीत बाहेर येते. त्यात तंबाखू. मामा म्हणायचा तंबाखूने भूक मरते, दुपारची भाकरी वाचते. हे ऐकल्यावर त्याला व्यसनावर काय लेक्चर देणार?

2014 साली प्युअर नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, 17 देश, दीड लाखावर माणसं, भारतसुद्धा त्यात. बीपी, शुगर, वजन, सिगारेट असे सगळे धोके धरले तर श्रीमंत देशातल्या लोकांना धोका जास्त निघाला, पण हार्टच्या आजाराने मरणारे जास्त कुठे, तर गरीब देशात! त्याच अभ्यासातलं 2011 चं एक निरीक्षण मला झोपू देत नाही, गरीब देशांत ज्यांना आधीच हार्टचा त्रास किंवा पॅरालिसिस होऊन गेलाय त्यातले 100 पैकी 80 जण हार्टची एकही गोळी घेत नव्हते.

मामाचं तेच झालं. बंद नस उघडायची अँजिओप्लास्टी सरकारी योजनेत फुकट झाली, त्याबद्दल सरकारचे आभारच, 2017 ला स्टेंटच्या, म्हणजे नसेत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा आणली तेही चांगलंच केलं. पण घरी आल्यावर काय? रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज घ्यायच्या, तपासणीला तालुक्याला जायचं, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही गेलं. तिसऱ्या महिन्यात त्याने कुणाला न सांगता गोळ्या एक दिवसाआड सुरू केल्या, मग बरं वाटतंय म्हणून बंदच. स्टेंटमध्ये गुठळी झाली, दुसरा अटॅक. आता हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, 30 टक्क्यांवर आलीय.

वॉर्डात एकजण म्हणाला, "अडाणी लोक, गोळ्या घेत नाहीत." मला फार लागलं ते. मामाला गोळ्यांचं महत्त्व कळत होतं हो, पण घरात पोरीची फी होती, किराणा होता, आणि आजारी माणूस स्वतःलाच सगळ्यात शेवटी मोजतो. ज्याचा स्टेंट सरकार फुकट टाकतं त्याच्या गोळ्या दर महिन्याला गावातल्या उपकेंद्रात आल्या पाहिजेत, आशाताईकडे यादी असली पाहिजे की या घरी या महिन्याच्या पोचल्या का. लाखाच्या ऑपरेशनपुढे हा खर्च किती तो!

मामी आता खुरपणीला जाते. हजेरी हातात पडली की आधी गोळ्यांचे पैसे काढून डब्यात ठेवते, मगच किराणा.