कर्तबगारी झटपट कशी पारखावी

मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीचा चेअरमन किंवा प्रभागाचा नगरसेवक कर्तबगार आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दहा-पंधरा वर्षे थांबण्याची जुनी पद्धत आपण बडोदेकरांनी आता सोडून द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या पद्धतीत फार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि लक्षात ठेवणे हा निवृत्त शिक्षकांचा छंद आहे.

सयाजीराव महाराजांचेच पाहा. राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती १८८१ साली आली, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेली भागात १८९३ साली सुरू झाला आणि तो राज्यभर लागू व्हायला १९०६ उजाडले. आधी थोड्या गावांत करून पाहायचे, अडचणी समजून घ्यायच्या आणि मगच विस्तार करायचा, ही दिरंगाई राजालाच परवडते. त्याला पाच वर्षांनी मते मागायची नसतात. आपण १८८२ च्या दिवाळीत त्यांची परीक्षा घेतली असती, तर दाखवण्याजोगे काही नाही, असा शेरा मारून मोकळे झालो असतो.

आपल्याला पारख करायला शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पुरेशी आहे. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा घरांत पाणी शिरले आणि मगरी वस्तीत आल्या. अशा वेळी कंबरभर पाण्यात उभे राहून खिचडीची पाकिटे वाटणारा तो नेता, हे शेंबड्या पोरालाही कळते. मे महिन्याच्या उन्हात काँस, म्हणजे इथला पावसाळी नाला, उपसून घेणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहावे. कारण त्याचे काम जमले तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याचा फोटो काढता येत नाही.

एका मंडळाची गोष्ट सांगतो; नाव विचारू नये. तिथल्या एका अध्यक्षांनी वर्षानुवर्षे काटकसर करून दुरुस्तीसाठी ठेव जमवली, आणि सभासदांनी त्यांना कंजूष ठरवले. दुसऱ्यांनी ती ठेव मोडून सभागृह वातानुकूलित केले, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. छत गळू लागले ते तिसऱ्यांच्या काळात, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता, आणि अकार्यक्षम कोण, तर अर्थातच तिसरे. सभासदांनी हा निकाल एकमताने दिला, यावरून पद्धतीची अचूकता लक्षात यावी.

एखाद्याने हाताखाली दोन-तीन माणसे तयार केली असतील, तर त्याला स्वतःला काम झेपत नव्हते, असाच अर्थ काढावा. याउलट जो चार दिवस पुण्याला लग्नाला गेला तरी कार्यालयाच्या किल्लीचा पत्ता लागत नाही, तो अपरिहार्य समजून त्याला आणखी एक मुदत द्यावी. त्याच्या निर्णयांचे पुढे काय झाले, हे विचारणे असभ्यपणाचे आहे. ते त्याच्या नंतर येणाऱ्याला विचारावे.

आपली वार्षिक सभा येत्या रविवारी आहे. हार आदल्या दिवशीच खंडेराव मार्केटात सांगून ठेवावेत. जुनी इतिवृत्ते मात्र कपाटातून काढू नयेत. त्यांना वाळवी लागल्याचे मागच्या चिटणिसांनी लेखी कळवले होते, आणि ते पत्रही त्याच कपाटात आहे.