साधा एक युजर बनवायचाय, त्याला एवढे नखरे?

लिनक्सवर नवीन युजर बनवायचा म्हणजे काम ते केवढं! नाव द्या, पासवर्ड द्या, मोकळे व्हा. आणि प्रत्येक नव्या माणसासाठी तेच तेच परत सांगायला लागू नये म्हणून डिफॉल्ट एकदाच नीट लावून ठेवायचे, एवढीच माफक अपेक्षा. पण छे!

आधी कमांड कुठली तेच ठरवा. युजरअ‍ॅड की अ‍ॅडयुजर? अरे, कुणाच्या डोक्यातून निघालं हे? डेबियन नावाच्या लिनक्सवर या दोन वेगळ्याच गोष्टी. अ‍ॅडयुजर हे चार प्रश्न विचारून, होम म्हणजे युजरची स्वतःची डिरेक्टरी बनवून देणारं पर्लचं स्क्रिप्ट. युजरअ‍ॅड अगदी कोरडं. त्याच्या मॅन पेजवरच, म्हणजे माहितीच्या पानावर, लिहून ठेवलंय की सहसा अ‍ॅडयुजर वापरा. आणि रेड हॅट नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर? तिथे अ‍ॅडयुजर म्हणजे युजरअ‍ॅडलाच लावलेली सिमलिंक, नुसतं दुसरं नाव! म्हणजे एका सर्व्हरवर बोटांना लागलेली सवय दुसऱ्यावर तोंडावर पाडणार.

डेबियनवर नुसतं युजरअ‍ॅड मारलं की होम डिरेक्टरी बनतच नाही, हायफन एम द्यावं लागतं. रेड हॅटवाले लॉगिन डेफ्स नावाच्या सेटिंगच्या फायलीत 'क्रिएट होम येस' लिहून पाठवतात, डेबियनवाले नाही पाठवत. बरं, कमांड एका शब्दाने तरी सांगते का की बाबा रे, घर नाही बनवलं? मख्ख गप्प. मग नवा पोरगा एसएसएचने आत येतो, त्याला होम नाही आणि शेल म्हणून, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम म्हणून, मिळतो नुसता एसएच, म्हणजे डॅश नावाचा साधासुधा शेल. वरचा बाण दाबला की मागची कमांड येण्याऐवजी चौकोनी कंस उमटतात. आला माझ्या डेस्कवर: "दादा, सर्व्हर बिघडलाय."

ठीक आहे, डिफॉल्ट बदलू. पण ते ठेवलेत कुठे? थोडे एटसी-डिफॉल्टमधल्या युजरअ‍ॅड फायलीत. थोडे लॉगिन डेफ्समध्ये. डेबियनच्या अ‍ॅडयुजरची कॉन्फ फाइल आणखी वेगळी. नव्या होममध्ये पडणाऱ्या फायली एटसी-स्केलमध्ये. आणि उरलंसुरलं लॉगिन-पासवर्ड तपासणाऱ्या पॅम नावाच्या यंत्रणेच्या ताब्यात. चार भावांची नावं असलेला सातबारा परवडला, तिथे निदान सही कुणाकुणाची लागणार ते तरी कळतं.

ग्रुपचंच बघा. एटसी-डिफॉल्टच्या फायलीत ठळक लिहिलंय, ग्रुप 100. 100 म्हणजे युजर्स ग्रुप. युजरअ‍ॅडला हायफन कॅपिटल डी देऊन विचारलं तरी तेही 100च सांगतं. आता युजर बनवा. प्रत्येकाला स्वतःच्याच नावाचा वेगळा ग्रुप! कारण लॉगिन डेफ्समध्ये 'युजरग्रुप्स एनॅब येस' बसलंय, आणि ते आहे तोवर त्या 100ला कुणी हिंग लावून विचारत नाही. मग ती ओळ काय शोभेला ठेवलीय?

नव्या फायलींवर कुणाला कुठली परवानगी द्यायची नाही ते ठरवणारा आकडा म्हणजे यूमास्क. त्याने तर कहर केलाय. रेड हॅट 7च्या लॉगिन डेफ्समध्ये यूमास्क 077, म्हणजे मालक सोडून सगळ्यांना दार बंद. ऑडिटवाला बघून खूश, टिकमार्क करून गेला. आता साध्या युजरने लॉगिन करून यूमास्क विचारा. 0002! फायली ग्रुपला लिहायला उघड्या. कारण एटसी-बॅशआरसी ही बॅश शेलची सेटिंग फाइल आपलं आपण ठरवतं की ज्याचा ग्रुप त्याच्याच नावाचा, त्याला 002. ते 077 फक्त होम डिरेक्टरी बनवण्यापुरतं. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी 'होम मोड' अशी वेगळी ओळ आली. हे आधी सुचायला काय झालं होतं?

पासवर्डची मुदत मुळात 99999 दिवस, म्हणजे जवळपास पावणेतीनशे वर्षं. ती 90 करून सेव्ह करा. कुणाला लागू? फक्त इथून पुढे बनणाऱ्या खात्यांना. जुन्या प्रत्येकासाठी मुदत बदलणारी चेज (chage) कमांड मारत बसा. पासवर्डची किमान लांबी त्याच फायलीत 12 लिहा, पॅम तिकडे ढुंकूनही बघत नाही. डेबियनच्या फायलीत तर खाली मथळाच आहे की यापुढचं पॅममुळे कालबाह्य. आणि वरचं सगळं चालतं असं समजायचं का?

आधीच असलेला युजर बदलणाऱ्या युजरमॉड कमांडचं तर नावच काढू नका. कुणाला डॉकर ग्रुपमध्ये घालताना कॅपिटल जीच्या आधी हायफन ए राहिला की बाकीचे जोडग्रुप साफ, अ‍ॅडमिनचे हक्क देणाऱ्या सुडोसकट. एक प्रश्न नाही, एक इशारा नाही. चांगल्या डिफॉल्टची खरी गरज जिथे होती, नेमका तिथेच घातक डिफॉल्ट.

आणि "मग अ‍ॅन्सिबल वापर ना" असं शहाणपण शिकवायला कुणी येऊ नका. सर्व्हरची कामं आपोआप करणारं ते साधनही आतून युजरअ‍ॅड नि युजरमॉडच चालवतं. आणि त्याच्या युजर मॉड्यूलमध्ये अपेंडचं, म्हणजे जुने ग्रुप ठेवून नवा जोडायचं, डिफॉल्ट काय आहे माहितेय? नो.