'फिरायची हौस आहे त्यांना' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेत व्हॅनमध्ये राहून हंगामी कामं करणाऱ्या म्हाताऱ्यांची मी माझ्या लेखात उगाच कीव केली. त्यांना फिरायची हौस आहे, घरभाडं वाचतं आणि वर जंगलात बसून पगार मिळतो.

आधी कबुली. लेखाचा शेवट मी जरा जास्तच भिजवला होता. त्यातले कित्येकजण मजेत असतात. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला त्यांचा मेळाच भरतो, आणि कोणी 'बिचारे' म्हटलेलं त्यांना खपत नाही.

पण पेन्शनचं काय? १९४३ ते १९५४ मध्ये जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनची, पूर्ण रक्कम ६६व्या वर्षी मिळे. ६२लाच घेतली तर २५ टक्के कात्री, तीही तहहयात. (१९६० पासून पुढच्यांना ६७ वर्षं, आणि कात्री ३० टक्के.) २००८च्या मंदीत साठीला टेकलेल्या ज्या माणसाची नोकरी गेली, त्याने ६६ होईपर्यंत कशाच्या जोरावर कळ काढायची?

घरभाडं वाचतं, हे खरं. सरकारी मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, मग मुक्काम हलवायचा. पण गाडीचा गिअरबॉक्स गेला, की घर आणि कामावर पोचायचं साधन एकाच दिवशी जातं.

'जंगलात बसून पगार' म्हणजे कॅम्पग्राउंडची, तंबू-गाड्या लावून मुक्काम करायच्या जागेची, राखण. त्यात संडास धुणंही आलं, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. आणि बिटाचा हंगाम? नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर रेड रिव्हरच्या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये साखरेचं बीट निघतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रीसुद्धा. ट्रकमागून ट्रक रिकामे करायचे, थंडी-वाऱ्यात उभं राहून. ऊन चढलं तर काम थांबवतात, कारण तापलेलं बीट ढिगात सडतं. सत्तरीतल्या गुडघ्यांसाठी मात्र कोणी काम थांबवत नाही.

ॲमेझॉनने तर २००८पासून गोदामांतल्या सणासुदीच्या गर्दीसाठी अशा गाडीवाल्यांची 'कॅम्परफोर्स' नावाची वेगळी भरतीच चालवली, पुढे गुंडाळली. नुसत्या हौशी लोकांच्या भरवशावर कुठली कंपनी इतकी वर्षं भरती करेल?

असो. लेखाचा शेवटचा परिच्छेद आज काढून टाकतोय, त्यातल्या 'बिचाऱ्यां'सकट. बिटाबद्दलचा वाढवतोय.