चीनला अमेरिकेने घेरलंय? नकाशा खरा, गोष्ट अर्धी

गेली काही वर्षं एक नकाशा फिरतो आहे. मध्ये लाल रंगात चीन, भोवती जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, गुआम, ऑस्ट्रेलिया इथे अमेरिकेचे छोटे छोटे झेंडे, आणि वर प्रश्न: ‘आता सांगा, आक्रमक कोण?’ खालचा मजकूर दर वेळी थोडा बदलतो, पण म्हणणं ठरलेलं असतं. चीन मोठा होऊ लागला म्हणून अमेरिकेने त्याच्याभोवती तळांचं कडं उभारलं. आशियातले बाकीचे देश म्हणजे तिच्या हातातली प्यादी. चीनची वाढ रोखायची हा वॉशिंग्टनचा पहिल्यापासूनचा डाव. तैवानचा वाद तिनेच पेटता ठेवला. आणि क्वाड, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट, हे आशियातलं नाटो, ज्यात उद्या भारताचा युक्रेन होणार.

हे पटकन पटतं, त्याला कारण आहे. अमेरिकेविषयी काही वाईट ऐकलं की पुरावा मागायची सवय आपल्याला नाही. डिसेंबर १९७१मध्ये, बांगलादेश युद्धात, बंगालच्या उपसागराकडे निघालेली अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका अजून कुणी विसरलेलं नाही. पण अविश्वास रास्त असला म्हणून त्याच्या जोरावर सांगितलेला इतिहासही बरोबर ठरतो असं नाही. एकेक मुद्दा घेऊ. सगळ्यांना सारखाच वेळ द्यायची गरज मात्र नाही.

‘चीन वाढला म्हणून कडं उभारलं.’

तारखा उलटं सांगतात. अमेरिकेने फिलिपिन्स, जपान आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी संरक्षण करार केले ते १९५१मध्ये, दक्षिण कोरियाशी १९५३मध्ये, तैवानशी १९५४मध्ये. त्याच सुमारास कोरियात अमेरिकी आणि चिनी सैनिक समोरासमोर लढले होते, तेव्हा माओचा चीन या करारांच्या नजरेसमोर होताच. पण तो मॉस्कोचा साथीदार म्हणून. आर्थिक सत्ता म्हणून त्याची धास्ती घ्यावी अशी त्याची अवस्थाच नव्हती. ऑस्ट्रेलियाला तर तेव्हा जपान पुन्हा डोकं वर काढेल याची काळजी जास्त होती.

मग चीनची अर्थव्यवस्था खरोखर वेग घेऊ लागली तेव्हा या कड्याचं काय झालं? ते आक्रसलं. थायलंडमधून अमेरिकी फौजा १९७६मध्ये गेल्या. तैवानमधून त्या १९७९मध्ये निघाल्या आणि वर्ष संपताना संरक्षण करारही संपला. फिलिपिन्समधले प्रचंड तळ १९९२पर्यंत रिकामे झाले. दक्षिण कोरियात या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ३७ हजार अमेरिकी सैनिक होते, पुढे ती संख्या साडेअठ्ठावीस हजारांवर आली. नकाशासोबत कधीकधी ‘चारशे तळ’ असाही आकडा येतो; तो कशाला तळ म्हणायचं यावर फुगतो किंवा आटतो. गोदाम, रडार, दारूगोळ्याचं कोठार असं सगळं मोजलं की बेरीज भराभर वाढते.

या मुद्द्यात एक जागा मात्र अशी आहे जिथे अमेरिकेची बाजू खरोखर लंगडी पडते, आणि नकाशा फिरवणारे नेमकी तीच सांगत नाहीत: ओकिनावा. जपानच्या एकूण भूभागाच्या ०.६ टक्के असलेल्या या प्रांतात अमेरिकी तळांखालची सुमारे ७० टक्के जमीन आहे. १९९५मध्ये एका शाळकरी मुलीवर तीन अमेरिकी सैनिकांनी अत्याचार केला, तेव्हा लोक हजारोंनी रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०१९च्या सार्वमतात हेनोको इथल्या नव्या तळाच्या बांधकामाविरुद्ध ७२ टक्के मतं पडली. बांधकाम तरी चालूच राहिलं. ते चालू ठेवलं जपानच्याच निवडून आलेल्या सरकारने. ओकिनावाच्या माणसाची तक्रार टोकियोविरुद्धही तितकीच आहे, आणि चीनच्या ‘घेराबंदी’शी तिचा फारसा संबंध नाही.

‘शेजारी देश म्हणजे प्यादी.’

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्या मजकुरातलं हे सर्वात उर्मट वाक्य आहे. मनिला आणि हनोईला स्वतःची बुद्धी नाही असं ते गृहीत धरतं.

फिलिपिन्सचं उदाहरण बघा. क्लार्क हा हवाई तळ आणि सुबिक उपसागरातला नौदल तळ, हे अमेरिकेचे परदेशातले सर्वात मोठे तळ समजले जात. जून १९९१मध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेने क्लार्क निकामी केला. उरलेल्या सुबिकसाठी नवा करार झाला होता, राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो त्याच्या बाजूने होत्या, तरी १६ सप्टेंबर १९९१ रोजी सिनेटने तो १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी नौदल चालतं झालं. प्यादं खेळाडूलाच पटावरून उठवतं, असा खेळ निदान मला माहीत नाही.

मग १९९५ उजाडलं. पलावान बेटापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या मिसचीफ रीफवर चीनने खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या फिलिपिन्सला दिसल्या. मच्छीमारांसाठी निवारे आहेत, असं बीजिंगचं उत्तर होतं. आज तिथे लष्करी विमानं उतरतील अशी धावपट्टी आहे. अमेरिकी तळ गेल्यानंतर तीन वर्षांच्या आत हे घडलं. तळ असते तर घडलं नसतं असा पक्का दावा करता येणार नाही. मनिलातल्या लोकांनी मात्र दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या.

२०१२मध्ये स्कारबरो शोल या वादग्रस्त प्रवाळखडकापाशी दोन महिने चीन आणि फिलिपिन्सची जहाजं एकमेकांसमोर उभी होती. दोघांनी मागे हटावं असं अमेरिकेच्या मध्यस्थीने ठरलं, असं मनिलाचं म्हणणं आहे. फिलिपिन्सची जहाजं हटली, चीनची राहिली, आणि अमेरिकेने काहीही केलं नाही. घेरायला टपलेल्या महासत्तेचं हे वागणं विचित्र म्हणावं लागेल. मनिला मग आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. १२ जुलै २०१६ रोजी निकाल लागला: दक्षिण चीन समुद्राच्या नकाशावर चीन काढतो त्या नऊ तुटक रेषांच्या आतल्या समुद्रावर तो सांगतो त्या ऐतिहासिक हक्काला कायद्यात आधार नाही. चीनने तो निकाल मानला नाही.

आणि इथेच गोष्ट सर्वात जास्त बोलते. निकालाच्या आधी दोनच आठवडे रॉड्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी हा जिंकलेला खटला बाजूला ठेवला, ऑक्टोबरात बीजिंगला जाऊन अमेरिकेपासून फारकत जाहीर केली, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये अमेरिकी सैनिकांच्या ये-जा करण्याचा करार रद्द करण्याची नोटीसही दिली. प्याद्याचा आरोप त्यांच्यावर करण्याची कुणाची छाती व्हायची नाही. पण समुद्रात काही बदललं नाही. मार्च २०२१मध्ये व्हिटसन रीफपाशी सुमारे दोनशे चिनी जहाजं येऊन उभी राहिली. जुलैत त्याच दुतेर्तेंनी ती नोटीस मागे घेतली. त्यांच्यानंतर आलेल्या मार्कोस यांनी २०२३मध्ये अमेरिकी सैन्याला वापरता येतील अशा ठिकाणांची संख्या पाचावरून नऊवर नेली. नकाशावरचे काही झेंडे असे आलेले आहेत.

व्हिएतनामला अमेरिकेचं खरं रूप कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांनी ते अंगावर झेललं आहे. तरीही १९७९चं चीनशी झालेलं युद्ध आणि १९८८मध्ये जॉन्सन साउथ रीफवर मारले गेलेले ६४ व्हिएतनामी सैनिक त्यांच्या स्मरणात आहेत. २०१४मध्ये चीनने पारासेल बेटांजवळ तेलविहिरीचं फलाट आणून उभं केलं. त्यानंतर २०१६मध्ये अमेरिकेने शस्त्रविक्रीवरची बंदी उठवली, २०१८मध्ये ‘कार्ल विन्सन’ ही विमानवाहू नौका दा नांगला आली आणि सप्टेंबर २०२३मध्ये हनोईने अमेरिकेशी संबंध सर्वोच्च पायरीवर नेले. त्या पायरीवर चीन आधीपासून होता. तीनच महिन्यांनी शी जिनपिंग यांचंही हनोईत थाटात स्वागत झालं. लष्करी युतीत जायचं नाही, परदेशी तळ द्यायचा नाही, हे व्हिएतनामचं जाहीर धोरण आहे. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. छोट्या देशाने मोठ्या शेजाऱ्याशी वागायची ही जुनी रीत आहे, एवढंच मी म्हणेन.

व्यापारातही तेच. चीनला वगळून बारा देशांचा पॅसिफिक व्यापार करार ओबामांनी घडवला आणि जानेवारी २०१७मध्ये ट्रम्प यांनी पदावर येताच तो सोडला. प्यादी असती तर डाव तिथेच मोडला असता. जपानने पुढाकार घेऊन उरलेल्या अकरा जणांना एकत्र ठेवलं, २०१८मध्ये करार लागू झाला, आणि सप्टेंबर २०२१मध्ये चीननेच त्यात येण्यासाठी अर्ज केला.

‘चीनला रोखायचं हा पहिल्यापासूनचा डाव.’

जुलै १९७१मध्ये अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेले, फेब्रुवारी १९७२मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन. मधल्या डिसेंबरात, बांगलादेश युद्ध चालू असताना, किसिंजर यांनी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतले चीनचे राजदूत ह्वांग ह्वा यांची भेट घेऊन सुचवलं की चीनने भारताविरुद्ध हालचाल केली आणि कुणी त्यात अडथळा आणला, तर अमेरिका त्या अडथळ्याला विरोध करेल. या भेटीची नोंद अमेरिकेनेच पुढे खुली केली. म्हणजे तेव्हा अमेरिका चीनला भारताच्या सीमेवर फौजा हलवायला सुचवत होती. हा नकाशा मराठी गटांत फिरवणाऱ्यांना ही गोष्ट तरी ठाऊक असायला हवी होती.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेने चीनला ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं विकली आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर नजर ठेवायला शिनजियांगमध्ये दोघांनी मिळून टेहळणी केंद्रं चालवली. १९८९मध्ये तिआनानमेन चौकात रक्त सांडल्यावर महिन्याभरात थोरल्या बुश यांनी आपले सुरक्षा सल्लागार स्कोक्रॉफ्ट यांना गुप्तपणे बीजिंगला धाडलं. क्लिंटन यांनी १९९३मध्ये व्यापार सवलतींना मानवी हक्कांची अट जोडली आणि पुढच्याच वर्षी स्वतःच काढून टाकली. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तो अमेरिकेच्या संमतीने. त्या वर्षी अमेरिकेने चीनकडून सुमारे १०२ अब्ज डॉलरचा माल घेतला होता. २०१८मध्ये तो आकडा ५३९ अब्जांच्या आसपास गेला. असं रोखलेलं कुणाला नको आहे?

यात भाबडेपणापेक्षा हिशेब जास्त होता. आधी सोव्हिएत रशियाविरुद्ध भिडू हवा होता, नंतर स्वस्त माल आणि मोठी बाजारपेठ. शिवाय हातचं राखलेलंही होतं: तैवानला शस्त्रं, जपानशी युती, २००५पासून भारताशी अणुकराराची बोलणी. पण हातचं राखणं आणि गळा आवळणं यांत फरक आहे. गळा आवळण्याच्या जवळ जाणारी गोष्ट बरीच अलीकडची: २०१८पासूनचं आयातशुल्क आणि ऑक्टोबर २०२२मध्ये प्रगत चिप व त्या बनवण्याच्या यंत्रांवर घातलेली निर्यातबंधनं. ही बंधनं चीनला तंत्रज्ञानात मागे ठेवण्यासाठीच आहेत, सुरक्षेचं कारण पुढे केलं तरी. एवढ्यापुरतं नकाशावाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त त्याला ‘पहिल्यापासून’ म्हणायचं तर मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं पुसावी लागतात.

‘तैवानचा वाद अमेरिकेने पेटवला.’

जून १९५०मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आपलं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत आणलं नसतं तर चित्र बहुधा वेगळं असतं, हे खरं. पण वाद चीनमधल्या कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी यांच्या यादवीतून आला आणि अमेरिकेने त्यात दोन्ही बाजूंना आवरलेलं आहे. मार्च १९९६मध्ये चीनने क्षेपणास्त्रं डागली तेव्हा तिने दोन विमानवाहू नौकांचे ताफे पाठवले. डिसेंबर २००३मध्ये चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ शेजारी बसलेले असताना धाकट्या बुश यांनी तैवानच्या अध्यक्षांनाच परिस्थिती एकतर्फी बदलू नका असं जाहीरपणे सुनावलं. आणि १९९६पासून आपला अध्यक्ष स्वतः निवडणाऱ्या सव्वादोन कोटींहून अधिक माणसांचा या मजकुरात उल्लेखही नसतो.

‘क्वाड म्हणजे आशियातलं नाटो.’

नाटोत एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानण्याचं कलम आहे, संयुक्त सेनापती आहे, मुख्यालय आहे. क्वाडकडे यातलं काहीच नाही. साधा तहही नाही. कल्पना रेटली ती जपानच्या शिंझो आबे यांनी. ऑगस्ट २००७मध्ये भारताच्या संसदेत येऊन ते दोन महासागरांच्या संगमाबद्दल बोलले होते. २००८मध्ये ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेतलं आणि दहाएक वर्षं क्वाड नावापुरतंही उरलं नाही. ते २०१७मध्ये पुन्हा उभं राहिलं. मलबार नौदल सराव १९९२पासून भारत आणि अमेरिकेचा. त्यात ऑस्ट्रेलियाला परत बोलवायला दिल्ली वर्षानुवर्षं टाळाटाळ करत होती, चीन बिथरेल म्हणून. २०२०मध्ये अखेर बोलावलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान गेले होते. दिल्लीचं मन वॉशिंग्टनला जमलं नव्हतं तितकं गलवानने वळवलं.

उरला युक्रेनचा धाक. भारत कुणाचा करारबद्ध मित्रदेश नाही, ब्रिक्समध्ये आहे, शांघाय सहकार्य संघटनेतही आहे, आणि रशियाचं तेल घेत राहिला. त्या तेलापायी ऑगस्ट २०२५मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, आणि काही दिवसांतच मोदी तिआनजिनला शी जिनपिंग यांना भेटले. भारताला चीनविरुद्ध पुढे ढकलण्याची घाई असलेल्या देशाने हे का करावं, याचं उत्तर त्या नकाशात नाही. २०२४-२५मध्ये चीनशी आपली व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरवर होती, आणि आपले औषध कारखाने कच्च्या औषधी घटकांसाठी अजून मोठ्या प्रमाणात चीनवर टेकलेले आहेत. ती तूट कशी कमी करायची यावर एखादा मजकूर आला, तर तो मी नक्की पुढे पाठवीन.